तीन खाती, एक खेळ आणि तीस हजार रोबक्सचा उंबरठा: रावेर तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रावेर तालुक्यातलं एक गाव, जळगावातलं एक वसतिगृह आणि शहादा, अशा तीन ठिकाणी बसून तीन मुलांनी २०२५ साली रोब्लॉक्सवर, म्हणजे लोकांनीच बनवलेले खेळ जिथे खेळतात त्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर, एक खेळ चालवला. मुलांची, गावाची आणि खेळाची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. ओळखीपुरतं सांगायचं तर थोरला २० वर्षांचा, डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला गेलेला. धाकटा १६ वर्षांचा, थोरल्याचा मामेभाऊ, अकरावी सायन्सला. तिसरा शहाद्याचा मित्र, वय १९. लुआउ या रोब्लॉक्सच्या भाषेतला कोड थोरल्याकडे, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधली थ्रीडी मॉडेलं आणि नकाशा धाकट्याकडे, आयकॉन, थंबनेल, बटणं आणि खेळाडूंच्या तक्रारी मित्राकडे.

खेळ टायकून प्रकारचा, म्हणजे धंदा उभा करून वाढवत न्यायचा. खेळाडूला रिकामं शेत मिळतं. त्यात केळीची टिश्यू कल्चरची रोपं लावायची, ठिबक टाकायचं, घड कापायचे, रायपनिंग चेंबर बांधायचं आणि माल रेल्वेच्या वॅगनमध्ये भरून पाठवायचा. सावदा-रावेरकडच्या माणसाला यात नवीन काही नाही. परदेशातल्या बारा वर्षांच्या खेळाडूला मात्र हिरवा घड चेंबरमध्ये जाऊन पिवळा होऊन निघतो याचीच मोठी गंमत वाटली. विषयाची निवड चांगली होती. पुढे जे बिनसलं ते विषयामुळे बिनसलं नाही.

पैशाचं गणित आधी समजून घ्यावं लागेल, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. खेळाडू डॉलर किंवा रुपये देऊन रोबक्स, म्हणजे रोब्लॉक्सचं आभासी चलन, विकत घेतो आणि खेळात गेम पास किंवा डेव्हलपर प्रॉडक्टवर खर्च करतो. पास एकदाच घ्यायचा असतो, प्रॉडक्ट पुन्हा पुन्हा घेता येतं. त्यातले ७० टक्के बनवणाऱ्याला मिळतात, ३० टक्के प्लॅटफॉर्म ठेवतो. हे रोबक्स काही दिवस पेंडिंग राहून खात्यात येतात. त्यांचे डॉलर करून घ्यायची वाट म्हणजे डेव्हेक्स. तिथे किमान ३०,००० कमावलेले रोबक्स एकाच खात्यात लागतात, वय १३ पूर्ण लागतं आणि ओळख पडताळलेली लागते. विकत घेतलेले रोबक्स चालत नाहीत. ५ सप्टेंबर २०२५ पासून कमावलेल्या एका रोबक्सला ०.००३८ डॉलर मिळतात, त्याआधी कमावलेल्याला ०.००३५.

उदाहरणच घेऊ. अमेरिकेतल्या मुलानं ॲपमधून ४.९९ डॉलरला ४०० रोबक्स घेतले आणि सगळे एकाच खेळात उडवले, तर बनवणाऱ्याच्या पदरात २८० रोबक्स पडतात, म्हणजे १ डॉलर ६ सेंट. १९९ रोबक्सचा पास विकला की १३९ हातात येतात, आणि तेवढ्यावर ३०,००० गाठायचे तर २१६ पास विकावे लागतात. त्या ३०,००० चे होतात ११४ डॉलर. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवल्याशिवाय कुणी या कामाला हात घालू नये.

अडचण कशी उभी राहिली

मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, खेळ सगळ्यांसाठी खुला केला. प्रकाशित करताना स्टुडिओ, म्हणजे खेळ बनवायचं रोब्लॉक्सचं सॉफ्टवेअर, विचारतो, निर्माता कोण: तुम्ही की तुमचा ग्रुप? थोरल्यानं स्वतःचं खातं निवडलं. ग्रुप काढायला १०० रोबक्स लागतात आणि खात्यात तेव्हा तेवढे नव्हते. 'आधी चालू तर होऊ दे' असं ठरलं. हिस्से तोंडी ठरले: निम्मे थोरल्याचे, उरलेले दोघांत सारखे. ऑगस्टअखेर प्लॅटफॉर्मचा वाटा वजा जाऊन थोरल्याच्या खात्यात १८,००० रोबक्स साठले. मग एकाच महिन्यात चार गोष्टी एकदम अंगावर आल्या.

पहिली वाटणीची. शहाद्याच्या मित्रानं सरळ विचारलं, "भाऊ, मना हिस्सा कोठे शे?" खेळ वैयक्तिक खात्यावर असल्यानं दुसऱ्याला थेट रोबक्स देण्याची सोय नव्हती. थोरल्यानं प्रचलित पळवाट काढली: मित्रानं आणि धाकट्यानं आपापल्या खात्यावर एकेक गेम पास लावायचा आणि थोरल्यानं तो विकत घ्यायचा. पण हीही विक्रीच, त्यावरही ३० टक्के कापले जातात. प्रत्येकाला ५,००० पोचवायला पासाची किंमत ७,१४३ ठेवावी लागली. दोघांचे मिळून १४,२८६ गेले, पोचले १०,०००. वाटेत ४,२८६ रोबक्स जिरले, जुन्या दरानं १५ डॉलर. थोरल्याकडे उरले ३,७१४.

याहून मोठा तोटा लगेच दिसत नव्हता. आधी एका खात्यात १८,००० होते, म्हणजे उंबरठ्याच्या निम्म्यापेक्षा पुढे. आता तीन खात्यांत ५,०००, ५,००० आणि ३,७१४. तिघांपैकी एकही ३०,००० च्या जवळपास नाही. या वेगानं प्रत्येकानं स्वतंत्रपणे उंबरठा गाठायचा तर खेळाला मिळून ९०,००० च्या वर कमवावे लागले असते.

दुसरी अडचण खेळाच्या आतली. सरासरी खेळाडू चार मिनिटं थांबून निघून जात होता. डॅशबोर्डवर नीट पाहिल्यावर कारण कळलं: पहिला घड तयार व्हायलाच सहा मिनिटं लागत होती. ही धाकट्याची करामत. लागवडीपासून केळी कापायला अकरा-बारा महिने लागतात हे त्यानं घरच्या मळ्यात पाहिलेलं. त्याच्या हिशेबानं सहा मिनिटं म्हणजे फारच सवलत. खेळाडू मात्र पहिला घड हाती येण्याआधीच दुसऱ्या खेळात जात होता.

तिसरी अडचण जास्त गंभीर. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका अपडेटनंतर तक्रारी येऊ लागल्या: पैसे घेतले, नाणी दिली, पुन्हा आलो तर नाणी गायब. नापसंतीचे अंगठे भराभर वाढले.

चौथी घरची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि टीव्हीवर दिवसभर 'पैशाच्या गेमवर बंदी' चाललं. धाकट्याच्या वडिलांनी, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, लॅपटॉप बंद करायला सांगितला. त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नाही. सहा महिने पोरगा रात्री जागतो आणि घरात एक रुपया आलेला नाही. भाच्याला त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला: "पैसे बँकेत केव्हा येतीन ते सांग भो."

निर्णय पहिला: मालकी कुणाच्या नावावर

तीन पर्याय होते.

खेळ आहे तसाच थोरल्याच्या खात्यावर ठेवायचा आणि पास विकत घेऊन वाटणी चालू ठेवायची. काम काहीच नाही, पण प्रत्येक वाटणीत ३० टक्के जाणार.

दुसरा पर्याय ग्रुप काढून खेळाची प्रत त्याच्या नावानं नव्यानं प्रकाशित करण्याचा. यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंत हाच सांगतात. त्यात भेटी, लाइक, आवडत्या यादीतली नोंद सगळं शून्यावर येतं, विकलेले पास नव्या खेळात लागू होत नाहीत आणि डेटास्टोअरमधली, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या नोंदींच्या कोठारातली, खेळाडूंची साठवण जुन्या खेळाकडेच राहते. ज्यानं पैसे देऊन चेंबर घेतलं त्याला पुन्हा रिकामं शेत दिसणार. चालत्या खेळासाठी हा पर्याय कुणी सुचवला तर ऐकू नये.

तिसरा पर्याय आहे त्याच खेळाची मालकी वैयक्तिक खात्यावरून स्वतःच्या ग्रुपकडे वळवण्याचा. खेळ तोच राहतो, साठवणही तीच. अडचण ॲनिमेशनची येते. वैयक्तिक खात्यावर अपलोड केलेली ॲनिमेशनं ग्रुपच्या खेळात चालत नाहीत. मजूर विळा उचलतच नाही, नुसता उभा राहतो. ती सगळी ग्रुपच्या नावानं पुन्हा अपलोड करून कोडमधले आयडी बदलावे लागतात.

तिसरा पर्याय घेतला. आधी सगळ्या ॲनिमेशनांची यादी केली, ग्रुपवर अपलोड केली, नवे आयडी एका मॉड्यूल स्क्रिप्टमध्ये एकत्र ठेवले आणि मालकी वळल्याबरोबर ते अपडेट सोडलं. वेळ भारतात पहाटे साडेतीनची निवडली नाही, हे महत्त्वाचं. ती अमेरिकेतली संध्याकाळ, खेळाडूंची गर्दी तेव्हाच असते. दुरुस्तीचं काम त्यांच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे आपल्या दुपारी करायचं. दुपारी रावेरकडे वीज जाण्याची भीती असते म्हणून प्रकाशित करण्याचं बटण जळगावातून दाबलं.

ग्रुपमध्ये पेआउट, म्हणजे सदस्यांना थेट रोबक्सचं वाटप, करता येतो आणि त्यावर वेगळी कपात नाही. फक्त सदस्य होऊन १४ दिवस झालेले लागतात, त्यामुळे दोघांना पहिल्याच दिवशी ग्रुपमध्ये घेतलं. पदं लावताना खेळ संपादित करण्याचा अधिकार तिघांना दिला, ग्रुपचा निधी खर्च करण्याचा फक्त मालकाला. यात अविश्वासाचा भाग नाही. फुकटच्या रोबक्सचं आमिष दाखवून ब्राउझरमधली लॉगिनची कुकी पळवणारे खूप आहेत, आणि तीन खाती उघडी असण्यापेक्षा एक सांभाळणं सोपं.

निर्णय दुसरा: वाटणी रोबक्समध्ये की रुपयांत

ग्रुपमुळे वाटणी फुकट झाली, पण उंबरठ्याचा प्रश्न तसाच राहिला. रोबक्समध्ये वाटले तर तिघंही ३०,००० च्या खालीच. म्हणून ठरलं: रोबक्स वाटायचेच नाहीत. सगळे एका खात्यात साठवायचे, डेव्हेक्स एकानं करायचं आणि बँकेत रुपये आले की यूपीआयनं हिस्से पाठवायचे.

इथे एक मोहाचा पर्याय मध्येच आला. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर एकानं 'रोबक्स दे, लगेच यूपीआय करतो' म्हणून रोबक्सला ४० पैसे देऊ केले. डेव्हेक्समधून तेव्हा ३३-३४ पैसे पडत होते, वर ३०,००० ची अटही नाही. मित्राला हे पटलं होतं. नकार दोन कारणांनी दिला. प्लॅटफॉर्मबाहेर रोबक्स विकणं नियमाविरुद्ध आहे. खातं गेलं तर खेळच जातो. आणि अनोळखी माणसाचा यूपीआय कुठून येतोय ते कळत नाही. तो पैसा कुठल्या फसवणुकीतला निघाला तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचंच खातं गोठवते, आणि ते खातं आबांच्या पीककर्जाशी जोडलेलं असलं तर पुढचं बोलायलाच नको.

डेव्हेक्स कुणाच्या नावानं, हाही प्रश्न होता. वयाची अट १३ असल्यानं धाकटाही पात्र होता. पण त्याचं पॅन नव्हतं, बँक खातं शिष्यवृत्तीपुरतं. थोरल्याकडे दोन्ही होतं. कराच्या दृष्टीनं मात्र सगळी रक्कम आधी थोरल्याच्या नावावर दिसणार, म्हणून कागद हवा होता. ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर करार केला. धाकटा कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, १८७२ च्या करार कायद्यानुसार त्याची सही निरुपयोगी, म्हणून पालक म्हणून आबांनी सही केली. करारात होतं ते असं: हिस्से ५०, २५ आणि २५ टक्के, जाहिरातीचा खर्च वाटणीआधी वजा, बँकेत रक्कम आल्यापासून सात दिवसांत वाटप, कुणी सोडून गेला तर त्यानं केलेली मॉडेलं किंवा कोड खेळातच राहणार, पण सोडल्यानंतर सहा महिने त्याचा हिस्सा चालू. शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. बारावीच्या वर्षात धाकटा काम थांबवणार हे सगळ्यांना माहीत होतं.

करार वाचताना आबांना कायद्याचा मुद्दाही समजला: बंदी आहे ती पैज लावून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या खेळांवर. इथे खेळणारा पैज लावत नाही आणि मुलं तर खेळतही नाहीत, बनवून विकतात. सहीनंतर लॅपटॉप परत सुरू झाला.

निर्णय तिसरा: रोबक्स जाहिरातीत घालायचे का

थोरल्याचं म्हणणं होतं की सप्टेंबरची सगळी कमाई ॲड क्रेडिटमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या जाहिरातीत, घालू, खेळाडू वाढतील, पैसे वाढतील. चार मिनिटांत खेळाडू निघून जात असताना जाहिरात वाढवणं म्हणजे ठिबकची नळी फुटलेली असताना मोटार मोठी बसवणं. शिवाय २४ जुलै २०२५ पासून प्लॅटफॉर्मवर क्रिएटर रिवॉर्ड्स सुरू झाले आहेत. अलीकडे पैसे खर्च केलेला खेळाडू दिवसातल्या पहिल्या तीन खेळांपैकी एकात किमान १० मिनिटं थांबला, तर त्या खेळाला ५ रोबक्स मिळतात, त्यानं तिथे काही विकत घेतलं नाही तरी. म्हणजे चार मिनिटं आणि अकरा मिनिटं यातला फरक सरळ पैशाचा.

म्हणून जाहिरात थांबवली आणि सुरुवात दुरुस्त केली. पहिला घड ४० सेकंदांत तयार. दुसरा दीड मिनिटात. वॅगन भरून पाठवण्याची पहिली खेप आठव्या मिनिटाच्या आसपास येईल असे दर लावले, आणि वॅगन परत यायला तीन मिनिटं. वॅगन रवाना झाल्यावर ती परत येईपर्यंत खेळाडू थांबतो, तेवढ्यात दहा मिनिटं उलटतात. धाकट्याचा विरोध होता, पण त्याच्या खऱ्या केळीसाठी वेगळी जागा काढली: उशिरा उघडणारी 'खरी बाग', जिथे घडाला तासभर लागतो आणि भाव दहापट. ती बाग जास्त वेळ टिकून राहणाऱ्या खेळाडूंना सगळ्यात जास्त आवडली, हे मान्य करावं लागेल.

स्वस्त फोनवर खेळ बंद पडत होता, तेही याच वेळी पाहिलं. पानांचं प्रत्येक टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवलेलं चित्र, १०२४ पिक्सेलचं होतं. २५६ वर आणलं तरी फोनच्या पडद्यावर फरक दिसला नाही. स्ट्रीमिंग सुरू केलं, म्हणजे लांबची बाग खेळाडू जवळ गेल्यावरच लोड होते. त्यातून एक नवा घोळ झाला: चेंबरचं दार लोड व्हायच्या आत फोनमधली स्क्रिप्ट ते शोधायची आणि अडकायची. तिथे वाट पाहणारा 'वेट फॉर चाइल्ड' घालावा लागला.

गायब होणारी नाणी

हा भाग पैशाशी सर्वांत जवळचा आणि सर्वांत कमी समजून घेतलेला, म्हणून जरा सविस्तर.

खेळाडूनं डेव्हलपर प्रॉडक्ट घेतलं की सर्व्हरवरच्या प्रोसेसरिसीट या फंक्शनकडे पावती येते. खेळानं माल दिला की 'परचेसग्रँटेड' उत्तर द्यायचं. दिलं नाही तर खेळाडू पुन्हा खेळात आला की तीच पावती पुन्हा येते. थोरल्याच्या कोडमध्ये क्रम असा होता: नाणी मेमरीतल्या आकड्यात मिळवायची, लगेच 'परचेसग्रँटेड' म्हणायचं, आणि डेटास्टोअरमध्ये साठवण खेळाडू बाहेर पडताना करायची. बहुतेक वेळा हे चालतं. पण अपडेट सोडताना सगळे सर्व्हर बंद केले की एकदम सगळे खेळाडू बाहेर पडतात, साठवणीच्या विनंत्यांची रांग लागते, आणि बंद होणाऱ्या सर्व्हरला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. ज्यांचं साठवायचं राहिलं त्यांची नाणी गेली. प्लॅटफॉर्मच्या दृष्टीनं माल पोचलेला, कारण उत्तर 'दिलं' असं आधीच गेलं होतं.

दुरुस्ती अशी केली. प्रत्येक पावतीला स्वतःचा परचेसआयडी असतो. तो खेळाडूच्या साठवणीतच एका यादीत लिहायचा. पावती आली की आधी यादीत पाहायचं. आयडी असेल तर माल पुन्हा न देता 'परचेसग्रँटेड'. नसेल तर नाणी आणि आयडी दोन्ही एकाच अपडेटअसिंकमध्ये (आधीची नोंद पाहून ती बदलणारं फंक्शन) लिहायचे आणि ते लिहून झाल्यावरच उत्तर द्यायचं. लिहिताना चूक आली तर 'नॉटप्रोसेस्डयेट', म्हणजे अजून दिलं नाही. यादी फुगू नये म्हणून शेवटचे काही डझन आयडी ठेवले तरी पुरतं. सेटअसिंक टाळला, कारण तो आधीची किंमत न पाहता वरून लिहितो. खेळाडू एका सर्व्हरमधून दुसऱ्यात पटकन गेला तर जुनी नोंद नव्यावर बसते. एका वेळी एकाच सर्व्हरनं नोंद लिहावी, हे सेशन-लॉकचं सगळं प्रकरण प्रोफाइलस्टोअर नावाची तयार लायब्ररी चांगलं सांभाळते. आज सुरुवात करणाऱ्यानं तीच वापरावी, स्वतः लिहायचा हट्ट नको.

त्याच तपासात दुसरं भोक सापडलं. खत विकत घेताना खेळाडूचं यंत्र सर्व्हरला रिमोटइव्हेंटमधून (यंत्राचा निरोप सर्व्हरला पोचवायची सोय) किंमतही पाठवत होतं आणि सर्व्हर ती मानत होता. चोरट्या स्क्रिप्टवाल्यानं किंमत शून्य पाठवली तरी खत मिळायचं. आता फोनवरून फक्त वस्तूचं नाव येतं, किंमत सर्व्हर स्वतःच्या तक्त्यातून घेतो.

ज्यांची नाणी गेली त्यांना काय द्यायचं यावर वाद झाला. कुणाकुणाचं गेलं ते नेमकं कळायची सोय नव्हती, कारण पावत्यांची नोंदच ठेवली नव्हती. शेवटी त्या आठवड्यात खेळलेल्या सगळ्यांना नाण्यांची भेट दिली. खेळातली अर्थव्यवस्था थोडी सैल झाली, पण नापसंती थांबली.

परिणाम

सप्टेंबर ते जानेवारीअखेर ३८,००० रोबक्स आले, पैकी काही भाग क्रिएटर रिवॉर्ड्सचा. सरासरी थांबणं चारवरून साडेनऊ-दहा मिनिटांवर गेलं. आधीचे ३,७१४ धरून ४१,७१४ रोबक्स डेव्हेक्सला लावले: जुन्या ३,७१४ चे १३ डॉलर, नव्या ३८,००० चे १४४ डॉलर ४० सेंट. एकूण १५७ डॉलर ४० सेंट. मित्राच्या आणि धाकट्याच्या खात्यातले पाच-पाच हजार तिथेच पडून आहेत.

पैसे देणाऱ्या टिपाल्टी पोर्टलवर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीनं भरायचा कराचा फॉर्म भरला, परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात पॅन टाकलं. नावाचा घोळ इथे झाला. पासबुकावर आडनाव आधी, पॅनवर आडनाव शेवटी, आणि पोर्टलवर वडिलांचं नावच नाही. तिन्ही एकसारखं करेपर्यंत भरणा अडकला. बँकेत रक्कम आल्यावर शाखेतून फोन आला: हे पैसे कशाचे? थोरला म्हणाला, "गेमचे." समोरच्या माणसाला रमीच आठवली असणार, मूळ कागद घेऊन या म्हणून सांगण्यात आलं. डेव्हेक्सची ईमेल, करार आणि 'सॉफ्टवेअर सेवेचा मोबदला' असं एका ओळीचं पत्र दिल्यावर पर्पज कोड, म्हणजे परदेशातले पैसे कशासाठी आले त्याचा क्रमांक, लावून रक्कम जमा झाली. परकीय चलन आल्याचा दाखलाही मागून घेतला.

कपाती जाऊन हातात साडेतेरा हजारांच्या आसपास पडले. सात दिवसांच्या आत वाटप झालं. जीएसटीचा प्रश्न नव्हता, उलाढाल २० लाखांच्या जवळपासही नाही. धाकट्याचा हिस्सा आबांच्या उत्पन्नात मिळवायचा का, असं सीएला विचारलं. अज्ञान मुलानं स्वतःच्या कौशल्यानं कमावलेलं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात धरत नाहीत, तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ६४(१ए) तसा अपवाद करत होतं. त्याची रक्कम करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली.

नऊ महिन्यांत तिघांत साडेतेरा हजार, ही मजुरीच्या हिशेबानं नगण्य रक्कम आहे. कुणी याला उत्पन्नाचं साधन म्हणून गावात सांगू नये.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रुप पहिल्या दिवशीच काढायला हवा होता. त्यासाठी लागणारे १०० रोबक्स शंभर-दीडशे रुपयांत मिळतात. ते वाचवताना ४,२८६ रोबक्स आणि ॲनिमेशनचं दोन दिवसांचं काम गेलं. ऑगस्टमध्ये वाटणी केलीच नसती तर १८,००० एका खात्यात राहिले असते आणि उंबरठा डिसेंबरच्या आत ओलांडला असता. आबांना तेवढंच लवकर उत्तर मिळालं असतं.

जाहिरात थांबवण्याचा निर्णय बरोबर होता, पण तो अंदाजानं घेतला. मे महिन्यातच दर आठवड्याला पहिल्या दहा मिनिटांचा गळतीचा आलेख पाहिला असता तर सहा मिनिटांचा घड जूनमध्येच पकडला असता, सुट्ट्यांच्या गर्दीत. अमेरिकेत शाळा बंद असतात तो काळ हातचा गेला.

पावत्यांची नोंद अजूनही अपुरी आहे. परचेसआयडीबरोबर वेळ आणि प्रॉडक्टचं नाव वेगळ्या डेटास्टोअरमध्ये ठेवलं तर पुढच्या तक्रारीला नेमकं उत्तर देता येईल. हे काम यादीत आहे, झालेलं नाही.

करारातल्या एका गोष्टीबद्दल मतभेद शिल्लक आहे. थोरल्याचं खातं हेच ग्रुपचं मालक खातं. ते बंद पडलं किंवा पळवलं गेलं तर बाकी दोघांकडे कागद आहे, खेळ नाही. सध्या ऑथेंटिकेटर ॲप लावलं आहे, बॅकअप कोड कागदावर लिहून आबांच्या कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीत ठेवले आहेत आणि खेळाची स्थानिक प्रत दर अपडेटनंतर तिघांच्या मशीनवर उतरवली जाते. मालकीसाठी असं वेगळं खातं काढावं, जे कुणी रोजच्या खेळण्यासाठी वापरत नाही, असं मित्राचं म्हणणं आहे. ते आमच्याही मते बरोबर आहे, पण दुसऱ्या खेळाला सुरुवात होईपर्यंत ते पुढे ढकललं आहे.